फ्लाय फिशिंगला जाताना सामान अंगावर कसं घ्यायचं: वेस्ट, स्लिंग, कमरेचा पॅक की नुसते खिसे?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती मला कळायला दोन सीझन आणि तीन बॅगा लागल्या. बॅगेत जेवढी जागा असते तेवढं सामान आपोआप वाढतं. मोठी वेस्ट (भरपूर खिशांचं, बिनबाह्यांचं जॅकेट) घेतली की खिसे रिकामे बघवत नाहीत, मग "असू दे, लागलं तर" करत करत एक दिवस ती काट्यावर ठेवली तर सव्वातीन किलो भरली आणि त्यातलं निम्मं सामान मी वर्षभरात एकदाही बाहेर काढलं नव्हतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं. म्हणून इथे "कुठली बॅग बेस्ट" हा प्रश्न नंतर येईल, त्याच्या आधी बरंच काही ठरवायचं असतं.

फ्लाय फिशिंगमध्ये हा प्रश्न एवढा मोठा का होतो ते आधी बघू. काठावर बसून गळ टाकणाऱ्या माणसाला सामानाची पेटी शेजारी ठेवता येते. आपण मात्र चालत असतो, बऱ्याचदा पाण्यातच उभे असतो, एका हातात रॉड आणि दुसऱ्या हातात लाइन. दर थोड्या वेळाने फ्लाय (पिसं-धागे बांधून किड्यासारखा किंवा छोट्या माशासारखा केलेला गळ) बदला, टिपेट (लाइनच्या टोकाचा बारीक धागा, ज्याला फ्लाय बांधतात) बांधा, भिजलेली फ्लाय सुकवा, मासा लागला तर जाळं काढा, गळ सोडवा, हे सगळं उभ्या उभ्या, रॉड काखेत दाबून, वाहत्या पाण्यात पाय रोवून करायचं. म्हणजे जे अंगावर असतं ती नुसती पिशवी नसते, ते आपलं कामाचं टेबल असतं. टेबल चुकीच्या उंचीवर असलं की दिवसभर चिडचिड.

पायरी १: बॅगेचा विचार सोडा, चादर अंथरा

घरी जमिनीवर एक चादर टाका आणि आहे ते सगळं सामान त्यावर ओता. खरंच सगळं. मग तीन ढीग करा.

पहिला ढीग म्हणजे दर पंधरा-वीस मिनिटांनी लागणाऱ्या गोष्टी. यात निपर (लाइन कापायचं ते छोटं कटर), फोरसेप म्हणजे गळ सोडवायचा लांब चिमटा, फ्लोटंट (फ्लाय तरंगती ठेवायला लावतात ते), टिपेटची चालू रिळं आणि एक फ्लाय बॉक्स. बस एवढंच. इथे कोणी सहावी-सातवी गोष्ट घालायला लागला की समजा त्याला ढीग आवरत नाहीये.

दुसऱ्या ढिगात दिवसातून दोन-चार वेळा लागणारं: दुसरा बॉक्स, एखाद-दोन जादा लीडर (जाड लाइन आणि टिपेट यांच्यामधला निमुळता धागा), स्प्लिट शॉट (फ्लाय खाली न्यायचे छोटे छरे), इंडिकेटर (मासा लागल्याचं दाखवणारा छोटा तरंगता गोळा), फ्लाय सुकवायची पावडर, पाण्याचं थर्मामीटर. थर्मामीटरला लोक चैन समजतात, पण ट्राउटसाठी (हा थंड पाण्यातला मासा) फिरत असाल तर पाणी साधारण २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की थांबायला हवं, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि दमवलेला मासा सोडून दिला तरी जगेलच असं नाही. एवढीशी कांडी असते, घ्या.

तिसऱ्या ढिगात लागलं तरच लागणारं: रेनकोट, प्रथमोपचाराची पुडी, हेडलॅम्प, जादा रील, खाणं, पाणी. यात पाणी सगळ्यात जड, एक लिटर म्हणजे सरळ एक किलो, आणि बॅग निवडताना नेमकं तेच विसरलं जातं.

टिपेटबद्दल थोडं जास्त बोलतो कारण सात-आठ रिळांची माळ गळ्यात घालून फिरणारे खूप दिसतात. टिपेटच्या एक्स नंबरचं गणित सोपं आहे, ११ मधून तो आकडा वजा करा, जे उरेल तेवढ्या हजारांश इंच जाडी. ५एक्स म्हणजे ११ वजा ५, ०.००६ इंच, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर. आणि कुठल्या फ्लायला कुठलं टिपेट, तर ढोबळ हिशोब म्हणजे फ्लायच्या साइजला ३ ने भागा, १६ नंबरच्या फ्लायला ५एक्सच्या आसपास. तर तुमच्या बॉक्समध्ये १२ ते १८ नंबरच्या फ्लाय असतील तर ४, ५ आणि ६एक्स एवढी तीन रिळं झाली काम संपलं, बाकीची गाडीत राहू देत.

खरे गुन्हेगार मात्र फ्लाय बॉक्स. एक बॉक्स वजनाला काहीच नसतो पण तो जागा खातो, आणि बॅगेचा आकार शेवटी बॉक्सवरूनच ठरतो. माझी पद्धत अशी की घरी मोठे बॉक्स साठ्यासाठी ठेवायचे आणि निघायच्या आदल्या रात्री त्यातून एका पातळ बॉक्समध्ये त्या दिवसाच्या फ्लाय भरायच्या. कोरड्या (पाण्यावर तरंगणाऱ्या), निंफ (पाण्याखालच्या अळ्यांसारख्या), दोन-चार स्ट्रीमर (छोट्या माशांसारख्या). प्रत्येक पॅटर्नच्या तीन, कारण एक झाडात जाते, एक दगडाखाली जाते आणि तिसरी माशाला मिळते. सगळा साठा पाठीवर घेऊन फिरलं की उलट फ्लाय निवडण्यातच वेळ जातो, पाण्यावर कमी आणि बॉक्सकडे जास्त बघितलं जातं.

आता ढीग बघा. पहिला आणि दुसरा मिळून दोन ओंजळीत मावत असेल तर तुम्हाला छोटी गोष्ट पुरेल. तिसरा ढीग मोठा असेल तर तो वेगळा नेता येतो का बघा, सगळं एकाच बॅगेत कोंबायलाच हवं असं काही नाही.

पायरी २: पाणी तुमच्या अंगावर कुठवर येतं?

बाकी सगळ्या सल्ल्यांपेक्षा हा एक प्रश्न जास्त कामाचा आहे असं माझं मत. गुडघ्यापर्यंतच्या ओढ्यात फिरणार असाल तर काहीही चालतं. मांडीपर्यंत असेल तर कमरेचा पॅक चालतो पण लक्ष ठेवावं लागतं. कमरेच्या वर गेलात की कमरेचा पॅक बाद, लांब वेस्टचे खालचे खिसेही पाण्यात, आणि मग छातीवरचं किंवा खांद्याच्या मागे उंच बसणारंच काहीतरी लागतं.

आणि इथे प्रामाणिक राहा. "मी कमरेपर्यंत जात नाही" असं सगळेच म्हणतात, आणि मग पलीकडे मासा वर येताना दिसला की पाय आपोआप पुढे जातात. मी कमरेच्या पॅकमध्ये फोन ठेवून असाच एका माशासाठी दोन पावलं जास्त गेलो होतो. मासा फ्लायकडे बघून परत खाली गेला, फोन मात्र कायमचा गेला.

दुसरा उपप्रश्न चालण्याचा. गाडीपासून पाणी दहा मिनिटांवर असेल तर तिसरा ढीग गाडीतच राहू शकतो. दोन तास डोंगर चढून जायचं असेल तर पाठीवर नीट बॅकपॅक हवीच, आणि मग पाण्यावर पोचल्यावर ती काठावर ठेवून छोटं काहीतरी अंगावर घ्यायचं की तीच घालून मासे मारायचे हे ठरवावं लागेल.

पायरी ३: आता प्रकार बघू

वेस्ट. हा जुना मामला. पहिली फिशिंग वेस्ट शिवण्याचं श्रेय अमेरिकन अँगलर ली वुल्फ यांना दिलं जातं, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. इतक्या वर्षांत बाकी सगळं बदललं तरी वेस्ट टिकून आहे आणि त्याला कारण आहे. वजन दोन्ही खांद्यांवर सारखं पडतं, सगळं समोर असतं, काही फिरवावं लागत नाही, आणि सहा महिन्यांत हाताला पाठ होतं की डावीकडे वर फ्लोटंट, उजवीकडे खाली बॉक्स. अंधार पडल्यावर न बघता सामान काढता येणं हे वेस्टवाल्यालाच जमतं. तोटा म्हणजे खिसे. इतके खिसे असतात की पहिले सहा महिने काखेत कळसा आणि गावाला वळसा, निपर समोर लटकतोय आणि आपण आठ खिसे चाचपतोय. उन्हाळ्यात गरम होतं, मग जाळीच्या कापडाची घ्यावी. खोल पाण्यासाठी आखूड, बरगड्यांपर्यंतच येणारी वेस्ट मिळते. आणि मानेजवळची पट्टी बघूनच घ्या, स्वस्तातल्या वेस्टमध्ये सगळं वजन मानेच्या मणक्यावर येतं, संध्याकाळी मान वळत नाही. रुंद, ताणणारी, विणलेली कॉलर असेल तर फरक पडतो.

स्लिंग. एका खांद्यावरून तिरकी जाणारी, पाठीवर बसणारी आणि काम पडलं की काखेखालून पुढे ओढायची. हल्ली सगळ्यात जास्त दिसते ती हीच, आणि का ते पहिल्याच दिवशी कळतं, मासे मारताना समोर काहीच नसतं, लाइन कशात अडकत नाही, आणि पुढे ओढली की झाकण उघडून टेबलासारखं समोर. पण दोन गोष्टी दुकानात कळत नाहीत. एक, सगळं वजन एका खांद्यावर. रिकामी घालून "वा!" म्हणतो आपण, पाण्याची बाटली, दोन बॉक्स आणि रेनकोट घालून सहा तास घातली की दुसऱ्या दिवशी कळतं. दुसरी म्हणजे माशाला जाळ्यात घ्यायला पुढे वाकलात की स्लिंग स्वतःहून घसरून पुढे येते, नेमकी त्याच क्षणी जेव्हा दोन्ही हात गुंतलेले असतात. म्हणून काखेखालून जाणारा छोटा दुसरा पट्टा, जो बॅगेला जागेवर धरून ठेवतो, तो असल्याशिवाय स्लिंग घेऊ नका. माझ्या मते स्लिंग हलक्या सामानासाठीच चांगली. ज्यांचा खांदा आधीच दुखतो त्यांनी या वाटेला जाऊच नये.

कमरेचा पॅक. वजन कमरेच्या हाडांवर, खांदे मोकळे, कास्टिंगला (लाइन फेकायला) अजिबात अडथळा नाही, पाठीला हवा लागते. दिवसभर चालायचं आणि उथळ पाण्यात फिरायचं तर माझी पहिली पसंती हीच. मागे ठेवायचा, लागला की गोल फिरवून पुढे. फिरवताना खाली शर्ट किंवा वेडर (पाण्यात उतरायची वॉटरप्रूफ पँट) गुंडाळला जातो, त्यामुळे पट्टा थोडा सैल करून फिरवायची सवय लागते. काही पॅकला एक जादा खांद्याचा पट्टा असतो, तो असलेलाच बघा, खोल जागा आली की पॅक छातीपर्यंत वर ओढून घेता येतो. पुढे ठेवून कास्ट करू नका मात्र, लाइन ओढताना तिची वेटोळी बरोबर बकलमध्ये जाऊन अडकतात.

छातीचा पॅक. छोटं खोकं छातीवर, पट्टे पाठीवरून. सामान एकदम डोळ्यासमोर, सगळ्यात उंच, म्हणून खोल पाण्याला उत्तम. छोट्या फ्लाय बांधताना नजर जवळ लागणाऱ्यांना तर फारच सोयीचा. पण खाली बघितलं की स्वतःचे पाय दिसत नाहीत! गोट्यांच्या नदीत पाय कुठे टाकतोय हे न दिसणं हा काही छोटा तोटा नव्हे. म्हणून घ्यायचा तर पातळ घ्या, फुगवून चार बॉक्स भरू नका. लहान बॅकपॅकला जोडता येणारे छातीचे पॅकही असतात, पुढे-मागे वजन सारखं होतं, लांबच्या चालीला ती जोडी चांगली जमते.

बॅकपॅक एकटी असेल तर मात्र वैताग. दर वेळी काढायची, कुठे ठेवायची, ओल्या दगडावर ठेवली की घसरते. ती वाहतुकीसाठी, कामासाठी नाही.

आणि नुसती माळ. गळ्यात एक लॅनयार्ड, त्याला निपर, फोरसेप, फ्लोटंट आणि एक टिपेट, शर्टाच्या खिशात एक बॉक्स, वेडरच्या आतल्या खिशात दुसरा. ओळखीच्या ओढ्यावर दोन तास जायचं असेल तर याच्यासारखं सुख नाही. तेनकारा करणारे, म्हणजे ज्यांच्या रॉडला रीलच नसते आणि लाइन थेट टोकाला बांधलेली असते, ते साधारण असंच फिरतात. फक्त लॅनयार्डला खाली एक चिमटा हवा जो शर्टाला अडकवता येतो, नाहीतर वाकलं की सगळं घंटेसारखं पुढे झुलतं. आणि मध्ये ओढलं की सुटणारा जोड हवा, गळ्याभोवती न सुटणारी दोरी घालून पाण्यात उतरू नये.

बोटीतून मासे मारणार असाल तर अंगावर जवळजवळ काहीच घेऊ नका. चौकोनी तळाची, उभी राहणारी बोट बॅग पायाशी ठेवा. लाइफ जॅकेटच्या वरून-खालून काही घालायचं नाही, एवढा एकच नियम लक्षात ठेवा.

समुद्राच्या उथळ पाण्यात जाणाऱ्यांना फ्लायचे प्रकार कमी लागतात, पण पक्कड, जाड लीडर आणि भरपूर प्यायचं पाणी लागतं, तिथे स्लिंग किंवा कमरेचा पॅक चालतो. पण झिपा आणि बकल प्लास्टिकचे बघा, धातूच्या झिपा खाऱ्या पाण्यात फार लवकर जाम होतात.

पायरी ४: कुठला हात काय करतो ते बघा

याकडे जवळपास कोणीच लक्ष देत नाही. फ्लाय बांधताना रॉड काखेत असतो, दोन्ही हात मोकळे असतात, त्यामुळे निपर आणि टिपेट छातीच्या मध्यावर कुठेही चालतं. पण मासा लागलेला असताना? रॉड कास्टिंगच्या हातात उंच धरलेला, तो हात काहीच करू शकत नाही. म्हणजे जाळं काढायचं ते दुसऱ्या हाताने, फोरसेप काढायचा तो दुसऱ्या हाताने. उजव्या हाताने कास्ट करत असाल तर या दोन गोष्टी डाव्या हाताला सापडल्या पाहिजेत. बहुतेक लोक निवांत उभं राहून उजव्या हाताने सोयीचं वाटतं तिथे फोरसेप लावतात आणि मग मासा लागल्यावर स्वतःच्या अंगाभोवती हात गुंडाळत बसतात.

स्लिंगच्या बाबतीतही हेच, कास्टिंगचा खांदा शक्यतो मोकळा ठेवावा. बऱ्याच स्लिंग एकाच बाजूला बसतात अशा शिवलेल्या असतात, त्यामुळे डावखुऱ्यांनी घालून, पुढे ओढून, झाकण कुठल्या बाजूला उघडतं ते बघूनच घ्यावी. उलट बाजूला घातली तर झाकण अंगाकडे उघडण्याऐवजी खाली उघडतं आणि बॉक्स पाण्यात. दोन्ही बाजूंनी घालता येणाऱ्याही मिळतात.

पायरी ५: जाळं

जाळ्याची जागा आधीच ठरवा, नंतर नाही. वेस्टला मानेच्या मागे एक कडी असते, तिथे चुंबकाच्या जोडाने जाळं उलटं लटकवतात, ओढलं की सुटतं. स्लिंग आणि कमरेच्या पॅकला जाळ्याचा दांडा खोचायची फट असते. काहीच नसेल तर पाठीमागे वेडरच्या पट्ट्यात खोचा, ती पण काही वाईट जागा नाही.

चुंबक वापरलात तर एक दोरी जोडा, नाहीतर जाळं सुटून वाहत जाईल. पण ती दोरी नुसती रबरी, खूप ताणणारी घेऊ नका. झुडपातून जाताना जाळं फांदीत अडकतं, दोरी ताणली जाते, आपण बेफिकीर पुढे चाललेलो असतो, आणि मग ते सुटतं आणि गोफणीसारखं येऊन डोक्याच्या मागे बसतं. गुंडाळीवाली, कमी ताणणारी दोरी बरी. झाडीतून चालताना जाळं हातातच घेतलं तर सगळ्यात उत्तम.

पायरी ६: वॉटरप्रूफ खरंच हवी का?

माझं उत्तर: पूर्ण बॅग वॉटरप्रूफ बहुतेकांना नको. पाण्याखाली टिकणाऱ्या बॅगांची झिप कडक असते, एका हाताने उघडत नाही, दर थोड्या दिवसांनी तिला वंगण लावावं लागतं, आणि आत एकदा ओला बॉक्स ठेवला की ओल बाहेर जातच नाही, म्हणजे फ्लायचे गळ गंजायची सोय आपणच करून दिली. भिजून चालत नाही अशा गोष्टी असतात किती? फोन, गाडीची चावी, कागद, एखादा जादा कोरडा कपडा. त्यांच्यासाठी छोटी गुंडाळून बंद होणारी कोरडी पिशवी पुरते. फोन स्वतः आयपीएक्स७ असेल तर त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात ३० मिनिटं एवढाच, वाहत्या नदीच्या धारेत किंवा खाऱ्या पाण्यात काय होईल त्याची ती हमी नाही. चावी मात्र पिशवीत आणि पिशवी बॅगेच्या आतल्या कडीला बांधलेली, यात आळस नको.

सारखे खोल पाण्यात जात असाल किंवा महागडा कॅमेरा नेत असाल तर घ्या पूर्ण वॉटरप्रूफ, तिथे पैसे वाया जात नाहीत.

पायरी ७: पडलात तर?

ज्याने पाण्यात मासे मारलेत तो कधीतरी पडतोच. म्हणून कमरेच्या पॅकच्या पट्ट्याला वेडरचा पट्टा समजू नका, वेडरला वेगळा पट्टा घट्ट बांधायचा, पडल्यावर आत पाणी भरणं तोच रोखतो. बॅगेचे सगळे पट्टे एका हाताने सुटले पाहिजेत, घरी डोळे मिटून सोडून बघा. बॅकपॅक घालून जोराची धार ओलांडताना छातीचं आणि कमरेचं बकल आधीच सोडून ठेवा, पडलात तर बॅग टाकता आली पाहिजे. जड सामान उंच घेतलं की तोल लवकर जातो, तेव्हा पाण्याची बाटली बॅगेत खाली आणि अंगाजवळ. काठी वापरत असाल तर ती जाळ्याच्या विरुद्ध बाजूला, दोन्ही एकाच बाजूला असले की दोऱ्या एकमेकांत गुंततात. शिट्टी वर, छातीजवळ.

पायरी ८: घरातली परीक्षा

बॅग विकत घेतलीत, लेबल काढू नका अजून. सगळं सामान भरा, पाण्यासकट. सगळ्यात जाड स्वेटर आणि त्यावर रेन जॅकेट घाला, मग बॅग घाला. पट्टा पुरतो का? थंडीत आणि पावसात जॅकेट आतून आणि बॅग बाहेरून हाच क्रम सोयीचा पडतो, कारण जॅकेट वरून घातलं की सगळं सामान आत कोंडलं जातं. आता रॉडऐवजी एखादी काठी घेऊन दहा-पंधरा वेळा कास्ट करा, कोपर कशाला लागतंय का बघा. गुडघ्यावर बसा. जमिनीवरून काहीतरी उचलायला वाका, बॅग घसरून तोंडावर येते का? मान खाली घालून पाय दिसतात का?

शेवटी काठी काखेत दाबून निपर काढा, टिपेट कापा, बॉक्स उघडा, एक फ्लाय काढा, बॉक्स बंद करून परत ठेवा. घड्याळ लावा. प्रत्येक वस्तू दहा सेकंदांत हातात आली पाहिजे आणि काहीही खाली पडता कामा नये. बॉक्स काढायला आधी दुसरं काहीतरी काढावं लागत असेल तर एकतर सामान जास्त आहे किंवा खिसा चुकीचा आहे. बहुतेक वेळा सामान जास्त असतं.

मग हीच सगळी परीक्षा दोन तास घालून घरात काम करत करत. घरचे हसतील, हसू दे.

पायरी ९: मांडणी

जे जे बाहेर लटकतं ते ते लाइन पकडतं, हे गृहीत धरून बाहेर कमीत कमी ठेवा. निपर दोरी आत खेचणाऱ्या रिट्रॅक्टरवर, पण तो झाकणाच्या किंवा पट्टीच्या आडोशाला. फोरसेप कापडाच्या पट्टीत चिमटून. फ्लोटंटची बाटली उलटी धारकात, म्हणजे दाबली की लगेच येतं. टिपेटची रिळं बाहेर टांगायची फॅशन आहे पण नायलॉन उन्हाने कमजोर होतं, त्यामुळे झाकणाखाली ठेवलेली बरी, आणि बाहेर असतीलच तर दर सीझनला बदला. बॉक्स छोट्या दोरीने बॅगेला बांधता आला तर बांधा, वाहत जाणारा फ्लाय बॉक्स बघणं फार वाईट असतं, तरंगतो ना तो, दिसत राहतो बराच वेळ.

कीटक पळवायचं औषध, ज्यात डीट असतं, ते वेगळ्या बंद पिशवीत. डीट प्लास्टिक विरघळवतं, फ्लाय लाइनचं आवरण खराब करतं, बॉक्सची झाकणं चिकट करतं. लावल्यावर हाताची बोटं धुवा, मगच लाइनला हात.

एक छोटा खिसा फक्त कचऱ्यासाठी. टिपेटचे तुकडे नायलॉनचे असतात, पक्ष्यांच्या पायात गुंततात, फ्लोरोकार्बन (टिपेटचाच दुसरा प्रकार) तर वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. दुसऱ्याने टाकलेलं दिसलं तरी त्याच खिशात.

आणि एकदा जागा ठरली की बदलू नका. हाताला सवय लागायला दहा-बारा दिवस पाण्यावर लागतात, दर वेळी नवीन मांडणी केली तर ते दिवस परत शून्यापासून.

घरी आल्यावर

बॅग तशीच गाडीच्या डिकीत टाकून द्यायची सवय असेल तर मोडा. सगळे खिसे रिकामे, फ्लाय बॉक्स उघडे ठेवून रात्रभर सुकवायचे, भिजलेल्या फ्लाय बॉक्समध्ये परत न खोचता बाहेर ठेवायच्या. समुद्रावरून आलात तर सगळं गोड्या पाण्याने धुवून, झिपा उघड-बंद करून. नद्या बदलत असाल तर हे सुकवणं फक्त आपल्या सामानासाठी नसतं. न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवर २००४ मध्ये डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, दगडांवर जाड गोधडीसारखं पसरणारं, आणि ते ओल्या सामानाच्या एका थेंबातूनही एका नदीतून दुसऱ्या नदीत जाऊ शकतं, म्हणून तिथे "तपासा, धुवा, सुकवा" असा साधा नियमच केला गेला. बूट आणि वेडर धुतले जातात, पण कमरेच्या पॅकच्या पट्ट्यातला स्पंज आणि जाळ्याची गाठ कोणी बघत नाही, आणि ओल तिथेच सगळ्यात जास्त दिवस राहते. दोन्ही पिळा आणि पॅक उलटा करून वाऱ्याला टांगा.